परदेशातली तब्येत आणि गावातला निकाल
(नेसरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, नेसरीत इतिहासावर बोलायला उभं राहायचं आणि प्रतापराव गुजरांचं नाव घ्यायचं नाही, हे होणार नाही. २४ फेब्रुवारी १६७४ ची ती खिंड आणि ते सात वीर इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. म्हणून त्यांना नमस्कार करून आज आपण दुसऱ्याच वाटेनं जाऊ. या कोल्हापूरच्या मुलखातून समुद्रापार गेलेली माणसं तिथं आजारी का पडली, कशानं वाचली, कशानं गेली, हा आजचा विषय.

विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे डॉक्टरांचं काम, इतिहासवाल्यांचं यात काय? पण जुनी प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाचताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. परदेशात माणसाची तब्येत कशी राहणार याचा अर्धा निकाल तो बोटीत चढायच्या आधी गावातच लागलेला असायचा. काय खायचं, काय अंगावर घालायचं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, परत आल्यावर पंगतीला बसवतील की नाही, हे गाव ठरवायचं. थंडी, ताप, जंतू हे सगळं त्यानंतरचं.

सुरुवात आपल्या राजापासून करू. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांच्याही आधीचे. दत्तक म्हणून १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली विलायतेला गेले. वय किती? वीस वर्षं. राज्यावर असताना समुद्र ओलांडून इंग्लंडला गेलेल्या पहिल्या हिंदू राजांत त्यांची गणना होते. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ. सुएझ कालवा सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. सोबत असलेले कॅप्टन वेस्ट यांनी ती पुढे १८७२ मध्ये लंडनला छापून आणली. एक तरुण मुलगा डोळे उघडे ठेवून हिंडतोय, सभागृहं, कारखाने, नाटकं बघतोय, असं तिचं रूप आहे.

परतीची वेळ आली ती नोव्हेंबरात. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलेलं, पॅरिसला वेढा पडलेला. नेहमीची फ्रान्समधली सरळ वाट बंद. म्हणून वळसा घालून जर्मन मुलुखातून, आल्प्सचे डोंगर ओलांडून इटलीत उतरायचं ठरलं. आता विचार करा, पन्हाळ्याचा वारा हीच ज्याची थंडी, त्या माणसाचा ऐन हिवाळ्याच्या तोंडावर आल्प्समधला प्रवास. त्या वाटेवर त्यांची प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्सपर्यंत पोचले, आणि तिथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी गेले.

लोक इथं ‘तिकडची हवा मानवली नाही’ म्हणून थांबतात. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. हवा तीच होती, पण वाट बदलली ती युद्धानं, आणि मुक्काम वाढवून हिवाळा टळेपर्यंत थांबा असं राजाला सांगणार कोण? राजाचा प्रवास म्हणजे ठरलेल्या तारखा, ठरलेले अधिकारी. आजारी माणसाला थांबता येणं ही चैन आहे, आणि ती नेहमी श्रीमंताला मिळतेच असं नाही.

पुढचा प्रश्न अंत्यसंस्काराचा. इटलीत तेव्हा प्रेत पुरायची रीत, दहनाला परवानगी नव्हती. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती, त्यामुळे हालचाल लवकर झाली आणि खास परवानगी मिळाली. गावाबाहेर, आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर चिता रचली. संगम शोधला, हे लक्षात घ्या. परक्या मुलखातही आपल्या माणसांनी आपला प्रयाग शोधून काढला. अस्थी भारतात आणल्या. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या इंजिनियरचा. हे नाव ध्यानात ठेवा, कारण याच मँटनं कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला आणि आपल्या सीपीआर दवाखान्याची जुनी इमारतही त्याचीच. तेव्हा तिचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल.

या दवाखान्याच्या नावाशी दुसरी गोष्ट बांधलेली आहे, आणि ती जास्त जीवाला लागते.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांची नेमणूक कोल्हापुरात झाली होती हे किती जणांना माहीत आहे? पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली. त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराकडून बोलावणं गेलं की आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाचा कारभार हाती घ्या. त्यांनी होकार दिला. म्हणजे नेसरीची, चंदगडची एखादी अडलेली बाई बैलगाडीतून कोल्हापूरला गेली असती तर तिथं तिला मराठी बोलणारी बाई डॉक्टर भेटली असती, आणि तेही १८८७ मध्ये!

भेटली नाही. आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या त्या क्षयानं खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये दाखवला होता, पण त्यावर औषध यायला आणखी साठ वर्षं लागणार होती. तेव्हा त्यांना वाचवता आलंच असतं, असं कुणी म्हणू नये. जाण्याआधीही त्यांची तब्येत काही ठणठणीत नव्हती. डोकेदुखी, ताप, थकवा चालूच असायचा. पण तिथल्या तीन वर्षांत त्या कशा राहिल्या ते बघण्यासारखं आहे. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात, कलकत्त्याजवळ, त्यांनी भर सभेत सांगितलं होतं की मी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तारीख होती २४ फेब्रुवारी १८८३. नेसरीकरांना ती तारीख वेगळी सांगायला नको.

हा शब्द दिला नसता तर जाऊ दिलं असतं का? अवघड होतं. आणि तो शब्द पाळायचा म्हणजे बर्फात शाकाहार, आणि अंगावर नऊवारी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात! शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, पाय झाकले जावेत म्हणून. हे नवऱ्याला पत्रातून समजावून सांगावं लागलं. एक डॉक्टर होऊ घातलेली बाई, स्वतःचे पाय थंडीत झाकण्यासाठी दहा हजार मैलांवरून परवानगीवजा खुलासा लिहितेय. राहत्या खोलीत शेकोटी धड चालत नव्हती, धूर कोंडायचा. थंडी सोसा नाहीतर धूर सोसा. ज्या छातीला पुढे क्षयानं खाल्लं, त्या छातीवर हा सगळा हिशेब जमा होत होता.

गोपाळरावांना नुसती नावं ठेवून आपलं भागणार नाही. त्यांनीच शिकवलं, त्यांनीच पाठवलं. पण त्यांच्या मागे समाज उभा होता आणि तो प्रत्येक पत्र उघडून वाचतोय असंच त्या दोघांना वाटत असणार.

त्यांच्या अस्थी उलट दिशेनं गेल्या. अमेरिकेत ज्यांनी त्यांना मुलीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी गावच्या दफनभूमीत ठेवल्या. राजाच्या अस्थी तिकडून इकडे, डॉक्टरच्या इकडून तिकडे. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा कुठे ती जागा भरली.

शाहू महाराज स्वतः १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला लंडनला गेले. हा एडवर्ड म्हणजेच आपल्या दवाखान्याचा ‘आल्बर्ट एडवर्ड’. सगळ्या जगातून राजे जमले आणि दोन दिवस आधी यजमानच आजारी! आंत्रपुच्छाचं दुखणं, पोटात पू. २४ जूनला राजवाड्यातच शस्त्रक्रिया झाली आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. त्याच समारंभाला जयपूरचे महाराज माधोसिंग चांदीच्या अजस्र घागरी घेऊन गेले होते. एकेकीत चार हजार लिटरहून जास्त गंगाजल. परक्या देशाचं पाणी पोटात जायला नको म्हणून.

याला आपण हसतो. हसू नये. पटकी पाण्यातून पसरते हे तेव्हा शास्त्रालाच नुकतं पटलं होतं. परक्या जागी पाणी जपून प्यावं ही जाणीव मुळात चुकीची नव्हती. गंगाजल उकळलेलं नव्हतं, एवढीच अडचण! शाहू महाराज असला थाट न करता गेले. त्या प्रवासात ते फ्लॉरेन्सला राजारामांच्या छत्रीवरही गेले. आणि इकडे कोल्हापुरात, ते विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा हुकूम निघाला. समुद्र ओलांडला म्हणून त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा. वेदोक्ताचा वाद तर पेटलेलाच होता.

आता राजे आणि डॉक्टर बाजूला ठेवू. या सभागृहात किती घरांत फौजी आहेत? हात वर करा. बघा, निम्म्याच्या वर. गडहिंग्लज, आजरा, चंदगड हा पट्टा बेळगावच्या मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या माणसं देत आला. तेव्हा पुढची गोष्ट तुमची आहे.

पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणावर कूट नावाचं गाव. इंग्रजांची सहावी पलटण-डिव्हिजन, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली, तिथं अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा. आत १०३वी आणि ११०वी मराठा पलटण होती. गोळ्यांनी माणसं मेलीच, पण उपासमारीनं आणि रोगानं जे केलं ते वेगळंच.

एकाच वेढ्यात, एकाच गावात, गोऱ्या शिपायांना एक रोग झाला आणि आपल्यांना दुसरा. गोऱ्यांना बेरीबेरी, म्हणजे पाय सुजणं, लुळे पडणं, हृदय थकणं. आपल्यांना स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येणं, दात हलणं, जखमा न भरणं. कारण शिध्यात होतं. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव, त्यात कोंडा नाही, म्हणजे ब जीवनसत्त्व नाही. आपल्यांना आटा, कोंड्यासकट, त्यामुळे बेरीबेरी टळली. पुढे मैदा संपला आणि गोऱ्यांनाही आटा खावा लागला, तसा त्यांच्यातला तो रोग ओसरला. आपल्या चपातीनं साहेबाला वाचवलं म्हणायला हरकत नाही.

पण स्कर्व्ही? गोरे घोड्याचं ताजं मांस खात होते, त्यातून त्यांना थोडंफार क जीवनसत्त्व मिळत होतं. आपल्या शिपायांनी महिनोन्‌महिने ते नाकारलं. ताजी भाजी नाही, फळ नाही. नदीकाठचं रानगवत तोडून पालेभाजीसारखं शिजवायचे, त्यात विषारी पाला आला तर आणखी पंचाईत. धर्मगुरूंकडून ‘संकटात चालतं’ असे निरोप मागवले गेले, तारा आल्या. तरी बरेच जण बधले नाहीत. कारण निरोप मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसाचा होता. घाबरत होते ते गावाला. परत गेलो आणि कळलं तर वाळीत टाकतील, पोराबाळांची लग्नं मोडतील. एप्रिलमध्ये, अगदी शेवटी, हजारोंनी खाल्लं, पण तोवर शरीरं पोकळ झाली होती. शरण आल्यावर सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली आणि वाळवंटातल्या त्या चालीत दुबळी आधी पडली.

बसऱ्याच्या पलीकडे उपाशी बसलेल्या माणसानं काय खावं, हे इकडे पारावर ठरत होतं. त्या पारावरच्या माणसांना याची कल्पनाही नव्हती, त्यांनी कुणाला मारायचं म्हणून काही केलं नव्हतं. आम्हाला इतिहासात सगळ्यात जास्त भीती वाटते ती अशाच गोष्टींची.

यातलं एक जरा गंमतीचं आणि आपल्या स्वयंपाकघरातलं. मेसोपोटेमियातल्या फौजेला लिंबाच्या रसाच्या बाटल्या जायच्या, पण स्कर्व्ही हटेना. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन शास्त्रज्ञ बायकांनी शोध घेतला. निघालं असं, की बाटलीतल्या त्या हिरव्या छोट्या लिंबाच्या रसात फारसा दमच नव्हता. दुसरं त्यांनी दाखवलं ते मोडाचं. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. भिजवून मोड आणले की ते तयार होतं. १९१७ मध्ये त्यांनी फौजेसाठी सुचवलं की कडधान्य भिजवा, मोड आणा, थोडंच शिजवा.

बाईमाणसं हसताहेत! बरोबर आहे. मटकीला मोड आणणं हे आपल्याकडे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. कोल्हापूरच्या मिसळीखाली रोज तेच असतं. पण यात एक मेख आहे. मोड अख्ख्या दाण्याला येतात. भरडलेल्या डाळीला कितीही भिजवा, ती आंबेल, मोड येणार नाहीत. घरातल्या बाईला जे ठाऊक होतं ते शिधा ठरवणाऱ्या साहेबाला ठाऊक नव्हतं, आणि शिपाई काही मटकी भिजवायला शिकून फौजेत गेलेला नव्हता. स्वयंपाक हे बायकांचं काम, हेही गावानंच ठरवलेलं.

आता थोडं आजचं. आज नेसरीतून पोरं दुबईला, कतारला जातात, मुली नर्सिंगसाठी युरोपात जायचं बघतात. समुद्र ओलांडला म्हणून कुणी वाळीत टाकत नाही. आता अडवतात ते कागद. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जायचं तर इथल्या माणसाला आधी क्षयाची तपासणी करावी लागते, छातीचा फोटो काढून. आनंदीबाईंची गोष्ट माहीत असलेल्याला त्या फोटोकडे बघताना वेगळं वाटतं. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जायचं तर लस निदान दहा दिवस आधी हवी. २०१६ पासून तो दाखला आयुष्यभर चालतो. दाखला नसताना तिकडून भारतात परतलात तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. त्याचंही कारण आहे. तो रोग पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे, विषाणू तेवढा अजून आलेला नाही.

पण जुनी गोष्ट संपली का? पोरगा तिकडून फोनवर ‘बरा आहे’ म्हणतो. पन्नास अंशांच्या जवळ जाणाऱ्या उन्हात बांधकामावर काम, लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी कमी पितो, पैसे वाचवायला जेवण कमी करतो. विचारलं तर सांगत नाही, कारण ‘तब्येत बिघडून परत आला’ हे गावात ऐकायला नको. १९१६ मध्ये घोड्याचं मांस होतं, आज परत येणं आहे. वाळीत टाकायची रीत गेली, पण चार लोक काय म्हणतील हे पोराच्या डोक्यातून गेलेलं नाही.

एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरे)

एका आजींनी विचारलं, की नातू कतारला चाललाय, त्याला खोकल्याची बाटली बांधून देऊ का? आजी, आधी डॉक्टरांना दाखवा. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल. आखाती देशांत अशी औषधं परवानगीशिवाय नेली तर पोलिसांपर्यंत प्रकरण जातं. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी, औषधाचं मूळ नाव लिहिलेली, आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. बटव्यात सुट्या घालून देऊ नका. मटकीचं म्हणाल तर ती तिथल्या दुकानात मिळते, त्याला मोड आणायला तेवढं शिकवून पाठवा.

एका तरुणानं विम्याचं विचारलं. दहावी न झालेल्यांचा ईसीआर पासपोर्ट असतो, त्यावर आखातात कामाला जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दहा लाखांचा विमा, हप्ता काही शे रुपयांचा. त्याचा कागद एजंटाच्या हातात ठेवू नका, एक प्रत घरी आईकडे द्या. युरोपचा शेंगेन व्हिसा हवा तर किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो. त्यात आजारी माणसाला किंवा मृतदेहाला मायदेशी पोचवण्याचा खर्च धरलेला असावा लागतो. म्हणजे आज कोल्हापूरचा कुणी फ्लॉरेन्सला निघाला तर राजारामांच्या बाबतीत जे झालं त्याची तजवीज त्याला आधीच दाखवावी लागते.

शेवटी एका शिक्षकांनी विचारलं, की ती छत्री आज आहे का, आणि सापडते का? आहे. शहराच्या पश्चिमेला कासिने नावाची मोठी बाग आहे, तिच्या अगदी टोकाला. शेजारून आर्नोवर मोठा पूल जातो, १९७०च्या दशकात बांधलेला. त्याचं नावच छत्रीवरून पडलंय, ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे भारतीय माणसाचा पूल. टॅक्सीवाल्याला कोल्हापूर कळणार नाही, पण ‘इंदियानो’ म्हणालात तर तो नेऊन सोडेल.